विजयदुर्गावरचा हेलियम दिन : किल्ला बरोबर, साल चुकलेलं

दरवर्षी १८ ऑगस्टला विजयदुर्ग किल्ल्यावर हेलियम दिन साजरा होतो. शाळेतली मुलं येतात, भाषणं होतात, 'साहेबाचे कट्टे' म्हणून ओळखले जाणारे जुने चौथरे दाखवले जातात आणि पेपरात बातमी येते. बातमीतली गोष्ट साधारण अशी असते : १८ ऑगस्ट १८६८ रोजी नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने याच किल्ल्यावरून खग्रास सूर्यग्रहण पाहिलं, तेव्हा त्याला सूर्यावर एक नवं मूलद्रव्य सापडलं, आणि म्हणून विजयदुर्ग ही हेलियमची जन्मभूमी.

या लेखात मी त्या कार्यक्रमाची आणि त्या गोष्टीची समीक्षा करणार आहे. कार्यक्रम मला मनापासून आवडतो, हे आधीच सांगते. किल्ल्यावर तलवारी, तोफा आणि आरमाराच्या पलीकडे कोणी वर्णपटाबद्दल बोलतंय, ही आपल्या जिल्ह्यात दुर्मिळ गोष्ट आहे. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्यावर पर्यटक होडीने जातात, शिवराजेश्वराचं मंदिर बघतात, हाताचा नि पायाचा ठसा बघतात, दूधविहीर-दहीविहीर-साखरविहीर करून परत येतात. तिथे विज्ञानाचा विषय निघायचं काही कारण नसतं. विजयदुर्गाला ते कारण आहे. खरंच आहे. फक्त कार्यक्रमात जे सांगितलं जातं ते ते नव्हे.

संशोधनाकडे वळणाऱ्यांसाठी हे उदाहरण मी मुद्दाम घेतेय. रिसर्च मेथडॉलॉजीच्या तासाला 'स्रोत तपासा' असं सगळेच सांगतात. पण आपल्याला प्रिय असलेली, आपल्या गावाची मान उंचावणारी गोष्ट तपासायची वेळ आली की हात जड होतो. आणि समजा, तुम्ही देवगडचे आहात, भौतिकशास्त्रात पीएचडीच्या मुलाखतीला बसलात, आणि "तुमच्या भागाबद्दल काही सांगा" म्हटल्यावर ही गोष्ट अभिमानाने सांगितलीत. समोर खगोलभौतिकीचा कोणी जाणकार असला तर पुढची पाच मिनिटं फार वाईट जातील. बरं, त्यात तुमची चूक ती काय? तुम्हाला सहावीत असताना किल्ल्यावर उभं करून, माईकवरून हेच सांगितलेलं असतं.

तर पहिला प्रश्न, सगळ्यात सोपा : १८ ऑगस्ट १८६८ ला लॉकियर कुठे होता?

इंग्लंडमध्ये. तो तेव्हा ३२ वर्षांचा होता, लंडनच्या वॉर ऑफिसात कारकुनी करायचा आणि उरलेल्या वेळात सूर्याचा अभ्यास. सूर्याच्या कडेवर ज्या लालसर ज्वाला दिसतात, त्या ग्रहण नसतानाही वर्णपटदर्शकातून दिसायला हव्यात असं त्याच्या डोक्यात होतं. त्यासाठी रॉयल सोसायटीच्या पैशांतून त्याने चांगला वर्णपटदर्शक बनवायला टाकला होता. आणि ज्यांनी प्रयोगशाळेत उपकरणाची ऑर्डर दिलीय त्यांना पुढचं सांगायला नको : ते वेळेवर आलं नाही. आलं ते ऑक्टोबर १८६८ च्या मध्यावर, म्हणजे ग्रहण होऊन दोन महिने झाल्यावर. २० ऑक्टोबरला त्याने लंडनमधल्या घरच्या दुर्बिणीला ते जोडलं आणि ग्रहणाविना, उजेडी आकाशात, त्या ज्वालांच्या तेजस्वी रेषा पाहिल्या. त्यात एक पिवळी रेषा होती. सोडियमच्या प्रसिद्ध पिवळ्या जोडीच्या शेजारी, पण तिच्यावर नव्हे.

म्हणजे लॉकियरचा हेलियमशी पहिला संबंध आला तो लंडनमध्ये, ऑक्टोबरमध्ये आणि ग्रहणाशिवाय. आपल्या गोष्टीतली जागा, तारीख आणि प्रसंग, तिन्ही इथेच निसटतात.

मग १८ ऑगस्टचं काय? त्या दिवशी भारतात खरोखरच फार मोठं काम झालं, पण देशाच्या दुसऱ्या टोकाला. खग्रासाचा पट्टा एडनकडून येऊन कोकण किनाऱ्यावर चढला, विजापूर-जमखंडीवरून दख्खन ओलांडून गुंटूर आणि मछलीपट्टणमकडे गेला आणि पुढे सयामपर्यंत. गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ पिअर जान्सन होता, तिथेच मेजर टेनंटचा ब्रिटिश चमूही होता. मछलीपट्टणमला मद्रास वेधशाळेचा नॉर्मन पॉगसन. जमखंडीला लेफ्टनंट जॉन हर्शेल, म्हणजे प्रसिद्ध हर्शेल घराण्यातला नातू. विजापूरला कॅप्टन हेग. मद्रास वेधशाळेच्याच चिंतामणी रघुनाथाचारी यांचा चमू वनपर्तीला होता, हे नाव आपल्याकडे फारसं कोणी घेत नाही.

यातल्या बहुतेकांनी ज्वालांच्या वर्णपटात चमकदार रेषा पाहिल्या आणि त्यावरून ज्वाला म्हणजे तापलेला वायू, मुख्यतः हायड्रोजन, हे ठरलं. त्या दिवसाचा खरा निकाल तो होता. पिवळी रेषाही काहींना दिसली, पण ती सोडियमची म्हणून सोडून दिली गेली. पॉगसनच्या नोंदीत मात्र ती नेमकी सोडियमच्या जागी आहे की जरा बाजूला, याबद्दल शंका दिसते. जान्सनचं मोठेपण वेगळंच. ग्रहण चालू असतानाच त्याच्या लक्षात आलं की या रेषा इतक्या झळझळीत आहेत, की ग्रहण नसलं तरी दिसतील. दुसऱ्या दिवशी १९ ऑगस्टला त्याने सूर्य उगवल्यावर त्या पाहिल्याच. म्हणजे लॉकियरची पद्धत त्याला स्वतंत्रपणे आणि दोन महिने आधी सापडली. पण गुंटूरहून पत्र पॅरिसला पोचायला वेळ लागला. त्याचं पत्र आणि लॉकियरच्या कामाची बातमी फ्रेंच अकादमीसमोर एकाच दिवशी, २६ ऑक्टोबर १८६८ ला आली. अकादमीने वाद घालत बसण्याऐवजी श्रेय दोघांना दिलं. पुढे फ्रेंच सरकारने दोघांचे चेहरे असलेलं एक पदकच काढलं. हे श्रेय कशाचं होतं? ग्रहणाशिवाय ज्वाला पाहण्याच्या पद्धतीचं. हेलियमचं नव्हे. इंग्रजीतल्या बऱ्याच पुस्तकांतसुद्धा 'जान्सन आणि लॉकियर यांनी हेलियम शोधला' असं सरसकट असतं, त्यामुळे हा घोटाळा फक्त कोकणातला आहे असं समजू नका.

इथे थोडं थांबून त्या पिवळ्या रेषेकडे नीट बघू, कारण माझा रोजचा संबंध वर्णपटाशी येतो आणि या गोष्टीतला खरा रस तिथे आहे.

गॅसच्या निळ्या ज्योतीवर मिठाची चिमूट टाका. ज्योत पिवळी होते. तो सोडियमचा रंग. चांगल्या वर्णपटदर्शकातून तो एका रंगाचा दिसत नाही, दोन बारीक रेषा दिसतात : ५८९.६ आणि ५८९.० नॅनोमीटर. त्यांना डी-१ आणि डी-२ म्हणतात. हेलियमची पिवळी रेषा आहे ५८७.६ ला. म्हणजे फरक दीड नॅनोमीटरच्या आसपास. म्हणून तिला पुढे डी-३ हे नाव पडलं. आता १८६८ मधला निरीक्षक डोळ्यांसमोर आणा : परमुलखात, तंबूत, पाच-साडेपाच मिनिटांचं खग्रास, वर ढगांची धास्ती, हातात लहान उपकरण, आणि पिवळ्यात एक चमकदार रेषा. सोडियम सगळीकडे असतो, उपकरणाच्या ज्योतीत असतो, समुद्रावरच्या हवेत असतो. "सोडियम" असं लिहून पुढच्या रेषेकडे वळणं हेच शहाणपणाचं वाटणार. त्यांना दिसलं नाही असं नव्हे. त्यांच्याकडे दीड नॅनोमीटरचा फरक खात्रीने सांगण्याइतकी सवड नव्हती. लॉकियरकडे होती, कारण तो ग्रहणावर अवलंबून नव्हता. आज पाहिलं, उद्या पुन्हा, ढग आले तर परवा. नव्या मूलद्रव्याचा संशय घ्यायला पुन्हा पुन्हा पाहता येणं लागतं.

आणि संशय घेतला तरी त्याला लगेच 'शोध' म्हणता येत नाही. लॉकियर आणि रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांनी आधी ही रेषा हायड्रोजनचीच तर नाही ना, हे प्रयोगशाळेत तपासलं. जमेना. मग सूर्याच्या ग्रीक नावावरून 'हेलियम' हे नाव आलं. शेवटचं 'इयम' हे धातूंच्या नावांसारखं आहे, कारण तो धातू असावा अशी कल्पना होती. १८७१ मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे नंतरचा लॉर्ड केल्विन, जाहीर भाषणात हे नाव बोलला. तरीही कित्येक रसायनशास्त्रज्ञ हसत होते : एका रेषेवरून मूलद्रव्य? बाटलीत आणून दाखवा. बाटलीत यायला १८९५ साल उजाडलं. मार्चमध्ये विल्यम रॅम्सेने क्लेव्हाइट नावाच्या युरेनियमच्या खनिजातून निघालेला वायू तपासला आणि तीच पिवळी रेषा समोर आली. खात्री करायला त्याने नमुने क्रुक्सला आणि लॉकियरलाही पाठवले. सत्तावीस वर्षांनी लॉकियरने आपली रेषा काचेच्या नळीत चमकताना पाहिली.

आता तुम्हीच सांगा, हेलियमचा शोध 'कधी' लागला? १८ ऑगस्ट १८६८, २० ऑक्टोबर १८६८, १८७१ की १८९५? संशोधनात तारीख एकच असते हा समज जितक्या लवकर सुटेल तितकं बरं. 'जन्मभूमी' हा शब्द म्हणूनच मला खटकतो. बाळंतपण सत्तावीस वर्षं चाललं आणि तीन-चार गावांत झालं.

एक साधी शंका मात्र कोकणातल्या कोणालाही यायला हवी होती. ऑगस्ट! नारळी पौर्णिमेच्या आसपासचे दिवस. अरबी समुद्राकाठी, ऐन पावसात, सूर्य बघायला साहेब हजारो मैलांवरून येईल? घाटाच्या पलीकडे, पर्जन्यछायेत असलेल्या जमखंडीलासुद्धा हर्शेलला ढगांच्या फटीतूनच काय ते दिसलं. मोठ्या मोहिमा पूर्वेकडे गेल्या त्यामागे हवामानाचा हिशोब होताच. दरवर्षी हेलियम दिनाला मुलं छत्र्या-रेनकोट घेऊन किल्ल्यावर येतात, तेव्हा गोष्टीविरुद्धचा पुरावा अंगावर झेलतच उभी असतात. अर्थात ही शंका झाली, हे खंडन नव्हे. ढग फाटूही शकतात. विजयदुर्ग त्या दिवशी खग्रासाच्या पट्ट्यात होता, तेव्हा तिथून कोणीच आकाशाकडे बघितलं नसेल असं मी म्हणत नाही. माझा मुद्दा एवढाच की बघणारा लॉकियर नव्हता. दावा खोडताना जेवढं सिद्ध होतंय तेवढंच खोडायचं, जास्तीचं नाही. नवशिक्या समीक्षकांकडून इथे फार अतिरेक होतो.

मग लॉकियरचं नाव विजयदुर्गाला चिकटलं कुठून? गावकऱ्यांनी हवेतून काढलं? मुळीच नाही. आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात सुंदर भाग इथे सुरू होतो.

लॉकियर विजयदुर्गाला आला होता. तीस वर्षांनी. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला.

हे ऐकीव नाही. 'विजयदुर्ग येथील निरीक्षणे' अशा अर्थाच्या शीर्षकाचा सविस्तर अहवाल रॉयल सोसायटीच्या फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्समध्ये १९०१ साली छापलेला आहे. लेखक तिघे : सर नॉर्मन लॉकियर, कॅप्टन चिझम-बॅटन आणि प्राध्यापक पेडलर. चिझम-बॅटन हा 'मेलपोमेनी' या ब्रिटिश युद्धनौकेचा कप्तान. पेडलर हे कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक, ज्यांच्या विभागात प्रफुल्लचंद्र रे शिकवत होते. एव्हाना लॉकियर 'सर' झालेला, 'नेचर' नियतकालिकाचा संस्थापक म्हणून जगभर माहीत असलेला, साठी ओलांडलेला माणूस. सोबत त्याचा सहकारी आल्फ्रेड फाउलर.

जानेवारीतलं कोकणचं आकाश तुम्हाला माहीत आहे. निरभ्र, कोरडं, सकाळी जरा धुकं. खग्रास दोनेक मिनिटांचंच होतं, पण भर दिवसा आणि स्वच्छ आकाशात. खग्रासाचा पट्टा आपल्या किनाऱ्यावरून आत शिरून महाराष्ट्रभर आडवा गेला. करमाळ्याजवळच्या जेऊरला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे कावसजी दादाभाई नायगमवाला आपली उपकरणं घेऊन होते, आणि तिथेच अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा कॅम्पबेलही. वऱ्हाडात तळणीला मॉन्डर दांपत्य. अ‍ॅनी मॉन्डरने तिथे घेतलेल्या फोटोत सूर्याच्या कोरोनाचा फार लांबवर गेलेला किरण टिपला गेला. पुलगावला न्यूऑल. मुंबई-पुण्यात प्लेग चालू होता, वातावरण तंग होतं, आणि त्याच महिन्यात हे सगळे लोक दुर्बिणी घेऊन आपल्या खेड्यापाड्यांत उतरले होते. महाराष्ट्राच्या विज्ञानाच्या इतिहासातला तो एक विलक्षण दिवस आहे आणि शाळेच्या कुठल्याच पुस्तकात मला तो भेटला नाही.

विजयदुर्गावरच्या चमूचं मुख्य काम होतं 'प्रिझमॅटिक कॅमेरा'. भिंगाच्या पुढेच प्रिझम बसवलेला कॅमेरा. फट नाही, काही नाही. चंद्राने सूर्य झाकला की कडेला क्रोमोस्फिअरची बारीक कोर उरते, आणि प्रत्येक रंगात त्या कोरीची वेगळी प्रतिमा काचेवर उमटते. वर्णपट रेषांचा नाही, चंद्रकोरींचा दिसतो! अशा वर्णपटात हेलियमच्या कोरी ठळक असतात. १८९८ ला मात्र त्यांचं कोडं उरलेलं नव्हतं, तीनच वर्षांपूर्वी रॅम्सेने ते सोडवलं होतं. ज्याने लंडनमध्ये एका अनोळखी पिवळ्या रेषेला नाव दिलं, तो म्हातारपणी आपल्या किल्ल्यावर आला तेव्हा ती रेषा ओळखीची झाली होती. हे मला 'जन्मभूमी'पेक्षा कितीतरी मोठं वाटतं.

आता कट्टे. जड कॅमेरे आणि दुर्बिणी हलू नयेत म्हणून ग्रहणाच्या मोहिमा पक्के चौथरे बांधून घेत. किल्ल्यावर 'साहेबाचे कट्टे' आहेत आणि १८९८ ला साहेब उपकरणांसह तिथे होता याचा छापील पुरावा आहे. दोन्ही जोडायला कल्पनाशक्तीची गरज नाही. स्थानिक आठवण बरोबर होती : साहेब आला, ग्रहण बघायला आला, इथेच उभा राहिला. साल तेवढं कोणीतरी नंतर, पुस्तकात बघून, बाहेरून लावलं. माझा अंदाज असा की 'लॉकियर म्हणजे हेलियम, हेलियम म्हणजे १८६८, १८६८ म्हणजे भारतातलं ग्रहण' ही साखळी एकाने जुळवली आणि कट्ट्यांना तीस वर्षं मागे नेलं. भर म्हणून, लॉकियर १८७१ च्या डिसेंबरात दुसऱ्या एका ग्रहणासाठी भारतात आला होता तेव्हाही समुद्राकाठच्या किल्ल्यावरच होता, केरळातल्या बेकलला. किल्ला, समुद्र, ग्रहण, लॉकियर. गोंधळायला एवढं पुरे.

ज्यांना लिटरेचर रिव्ह्यू करायचाय त्यांनी पुढचा भाग जरा लक्ष देऊन वाचा. नेटवर शोधलंत तर १८६८ ची गोष्ट तुम्हाला डझनभर ठिकाणी मिळेल : पर्यटनाची पानं, बातम्या, ट्रेकर्सच्या नोंदी. ते डझनभर पुरावे नव्हेत. एकमेकांवरून उतरवलेला तो एकच दावा आहे. ओळखायची युक्ती सोपी : वाक्यरचना सारखी, तपशील सारखे आणि कुणाकडेच मूळ अहवालाचा पत्ता नाही. उलट १८९८ ची गोष्ट मोजक्याच ठिकाणी आहे, पण तिचा माग काढत गेलात तर थेट लॉकियरच्या सहीच्या कागदापर्यंत पोचता. तो सापडत नाही याचं एक कारण अगदीच क्षुल्लक आहे. त्या काळचे इंग्रज विजयदुर्गाचं स्पेलिंग वेगळं करायचे, 'ज' च्या जागी झेड आणि शेवटी 'दुर्ग' ऐवजी 'द्रुग'. त्याहून जुन्या कागदांत तर किल्ला 'घेरिया' नावाने येतो. १७५६ ला वॉटसन आणि क्लाइव्हने तुळाजी आंग्र्यांकडून तो घेतला तेव्हाचे सगळे वृत्तांत त्याच नावाचे. आजच्या स्पेलिंगने शोधणाऱ्याला आजच्याच गोष्टी मिळतात. १८६८ च्या ग्रहणाबद्दल सलग वाचायचं असेल तर रामन रिसर्च इन्स्टिट्यूटचे बिमान नाथ यांचं हेलियमच्या शोधावरचं २०१३ चं इंग्रजी पुस्तक घ्या. पॉगसनला त्यात न्याय मिळाला आहे.

आता कार्यक्रमाबद्दल माझं मत. हेलियम दिन बंद करा असं मी म्हणणार नाही. १८ ऑगस्ट हा भारतातल्या सौर वर्णपटाच्या कामाचा दिवस आहेच, तो गुंटूरइतकाच विजयदुर्गावर साजरा करायला कोणाची हरकत नसावी. पण मुलांना कट्ट्यासमोर उभं करून 'इथे हेलियम सापडला' म्हणणं थांबायला हवं. आणि विजयदुर्गाचा स्वतःचा दिवस २२ जानेवारी आहे. त्या दिवशी शाळा चालू असतात, पाऊस नसतो, सूर्य दिसतो. सूर्याबद्दलचा कार्यक्रम सूर्य दिसत नसताना करण्यात काय हशील?

दुसरी गोष्ट, भाषणं कमी करा. विज्ञानाच्या कार्यक्रमात मुलांनी दोन तास पाहुण्यांचे सत्कार बघायचे, ही आपली जुनी खोड. त्याऐवजी मे महिन्यात, चाकरमान्यांची पोरं गावी आलेली असतात तेव्हा, दोन दिवसांची कार्यशाळा ठेवा. पुठ्ठ्याचा खोका, जुनी सीडी आणि ब्लेडच्या दोन पात्यांची फट यांतून वर्णपटदर्शक होतो. तो सूर्याकडे रोखायचा नाही, उन्हातल्या पांढऱ्या भिंतीकडे धरायचा. मग मिठाची ज्योत बघा. मग कॉलेजच्या प्रयोगशाळेतून हेलियमची नळी आणून ती बघा. सीडीच्या उपकरणात सोडियमची आणि हेलियमची पिवळी रेषा बहुधा एकाच जागी दिसेल, कारण दीड नॅनोमीटर वेगळे करायची त्याची सहसा कुवत नसते. आणि हेच तर दाखवायचंय! मुलांना विचारा, या दोन वेगळ्या आहेत हे कसं सिद्ध कराल? त्या प्रश्नावर दहा मिनिटं डोकं खाजवलेली मुलगी १८६८ चं ग्रहण कुठल्याही भाषणापेक्षा जास्त समजून घरी जाईल. मग कॉलेजचा चांगला वर्णपटदर्शक तिच्यासमोर ठेवा.

हे आत्ताच करण्याचं कारणही आहे. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्यात सिंधुदुर्ग जिल्ह्यातले दोन : सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग. आता नवे फलक लागतील, पुस्तिका निघतील, गाईडना प्रशिक्षण दिलं जाईल. फलकावर एकदा कोरलेलं चुकीचं वाक्य निघायला पिढी जाते. १८६८ लिहिलं तर बाहेरून आलेला पहिला जाणकार हसेल आणि त्या हसण्याच्या भरात १८९८ ही जाईल. लोक म्हणतील, हे सगळंच थापा आहेत. खोट्या गोष्टीचं हे सगळ्यात मोठं नुकसान : ती पडताना शेजारची खरी गोष्ट घेऊन पडते.

हे बोललं की ऐकायला मिळतं, "आमच्या गावाचा नाव कित्याक पुसतंस?" मला तो राग कळतो. मुंबई-पुण्याच्या लोकांनी कोकणाला समुद्र, मासे आणि आंबे एवढंच ठेवलेलं असताना हाताशी आलेला एक शास्त्रज्ञ कोण सोडेल? पण सोडायचा नाहीच आहे. लॉकियर आपल्याकडेच राहतो, फक्त वयाने तीस वर्षं मोठा होतो. शिवाय सोबत एक युद्धनौका, एक कप्तान, कलकत्त्याचे प्राध्यापक, आणि छापील अहवाल मिळतो. व्यवहार म्हणूनही हा काही तोट्याचा नाही.

या विषयात अजून बरंच काम बाकी आहे आणि ते एमएस्सीच्या प्रकल्पाला शोभेल असं आहे. कट्ट्यांचं नीट मोजमाप हवं : लांबी, रुंदी, उंची, एकमेकांतलं अंतर, कडांची दिशा खऱ्या उत्तरेशी किती अंशांत आहे ते. बांधकामात चुना आहे की सिमेंट, मागाहून डागडुजी झालीय का. मग १९०१ च्या अहवालातल्या उपकरणांची माहिती आणि त्या दिवशी दुपारी विजयदुर्गावरून सूर्य आकाशात नेमका कुठे होता याचं गणित, यांच्याशी ते ताडून पाहायचं. सूर्याचं स्थान कुठलंही फुकट मिळणारं खगोलाचं सॉफ्टवेअर काढून देतं. देवगड-कणकवलीकडचं कोणी या दिवाळीच्या सुट्टीत टेप आणि होकायंत्र घेऊन जाणार असेल तर मला कळवा. मोजमापाचा तक्ता कसा करायचा ते मी पाठवते, आणि किल्ला संरक्षित स्मारक आहे, तेव्हा कट्ट्यांना ओरखडाही न काढता मोजा.